शुभेच्छापत्रात हात कुठे असतो?

दिवाळीच्या सुट्टीआधी किंवा संक्रांतीच्या सुमारास अनेक शाळांत शुभेच्छापत्रांची स्पर्धा असते. फलकावर नियम लिहिलेले असतात. कागद अमुक मापाचा असावा, मजकूर मराठीत असावा, आणि बहुतेक वेळा शेवटचा नियम असा असतो: ‘शुभेच्छापत्र हस्तनिर्मित असावे. संगणकाचा वापर केल्यास बाद ठरेल.’ नियमामागचा हेतू चांगलाच असतो. मुलांनी स्वतः काही करावे, तयार वस्तू उचलून आणू नये, एवढेच शिक्षकांना हवे असते. पण नियम जरा तपासून पाहिला की प्रश्न पडू लागतात. बाजारातून आणलेल्या टिकल्या आणि कागदी फुले चिकटवून केलेले पत्र हस्तनिर्मित धरायचे का? छापील चित्र गिरवून रंगवले तर? आणि एखाद्या मुलीने संगणकावर रेघ न् रेघ स्वतः वळवून पणती काढली, ती छापली, कागद दुमडला, कापला आणि आत हाताने दोन ओळी लिहिल्या, तर ते पत्र बाद का व्हावे?

या प्रश्नांचा निकाल मतावर सोडण्याआधी शुभेच्छापत्राचा इतिहास पाहावा असे आम्हाला वाटले. तो पाहताना एक गमतीची गोष्ट लक्षात येते. नाताळचे छापील शुभेच्छापत्र जन्माला आले तेच मुळी हाताचे श्रम वाचवण्यासाठी. त्यानंतर आलेल्या प्रत्येक साधनाने हाताचे एखादे काम काढून घेतले आणि बदल्यात दुसरे एखादे काम त्याच्यापुढे ठेवले. ते काम कोणते, हे नीट पाहिले तर वरच्या प्रश्नांची उत्तरे सापडतात.

वेळ नसलेला माणूस

इंग्लंडमध्ये १८४० साली टपालाची पद्धत बदलली. त्याआधी पत्राचा खर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. रोलंड हिल यांच्या सुधारणेमुळे देशात कुठेही एका पेनीत पत्र जाऊ लागले. त्याच वर्षी मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट वापरात आले. आपल्याकडे अशी एकसमान दराची पद्धत १८५४ साली आली.

या सुधारणेच्या कामात हेन्री कोल हे हिल यांचे सहकारी होते. टपाल स्वस्त झाले तशी लोकांची पत्रे वाढली, आणि नाताळच्या दिवसांत आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देणे कोल यांच्यासारख्या कामात बुडालेल्या माणसाला जड जाऊ लागले. १८४३ साली त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. मधल्या चौकटीत एक कुटुंब जेवणाच्या मेजाभोवती पेले उंचावून बसले आहे, आणि दोन्ही बाजूंच्या चौकटींत भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देणारी माणसे आहेत. खाली नाताळ आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. मेजावरची दारू आणि पेल्याला तोंड लावणारे लहान मूल पाहून दारूबंदीवाल्यांनी टीकाही केली.

या पत्राच्या सुमारे एक हजार प्रती काढल्या गेल्या. कोल यांच्या गरजेपुरत्या बाजूला ठेवून उरलेल्या विकायला ठेवल्या होत्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. पत्र पाठवायला एक पेनी आणि शुभेच्छापत्राला बारा! अर्थात ते सामान्यांसाठी नव्हतेच.

शिक्षकांनी या पत्रातल्या दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली म्हणजे त्यावर वरच्या बाजूला ‘प्रति’ आणि खालच्या बाजूला ‘कडून’ अशा अर्थाचे शब्द छापून पुढे जागा रिकामी सोडली होती. म्हणजे नाताळचे हे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र एक साचाच होते, नावे तेवढी भरायची. आज मोबाइलवर तयार नमुना उघडून नाव बदलणारा मुलगा काही नवे करत नाही, तो कोल साहेबांचीच परंपरा चालवतो. दुसरी गोष्ट, या पत्राच्या रेषा छापलेल्या होत्या, पण रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरलेले होते. यंत्र आणि हात यांची भागीदारी पहिल्याच पत्रात सुरू झाली.

तेल, पाणी आणि दगड

हे चित्र शिळाछापाने छापले होते. शिळाछापाची युक्ती बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी शोधली. तिचे तत्त्व आठवीतल्या मुलालाही समजेल. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. त्यावर प्रक्रिया करून दगड ओला केला की उघडा दगड पाणी धरतो, आणि तेलकट रेघ ते झटकते. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांवर बसते. वर कागद दाबला की चित्र उमटते. लाकडी ठशासारखे खोदकाम नाही. चित्रकाराच्या हाताची थरथरसुद्धा दगडावर जशीच्या तशी राहते.

पुढचा प्रश्न रंगांचा. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड घेतला आणि एकच कागद क्रमाने सर्व दगडांवर अचूक त्याच जागी दाबला, तर रंगीत चित्र छापता येते. बोस्टनच्या लुई प्रँग यांनी या रंगीत शिळाछापात मोठे नाव मिळवले आणि १८७०च्या दशकात नाताळची रंगीत पत्रे बाजारात आणली. कुंचल्याने रंग भरणाऱ्यांचे काम गेले. मात्र मूळ चित्रातले रंग वेगवेगळे ओळखून कोणत्या दगडावर काय काढायचे हे ठरवणारा कसबी कारागीर तयार झाला. म्हणजे हात कागदावरून उठून दगडावर गेला. याच प्रँग यांनी शाळांत चित्रकला शिकवली जावी म्हणून पुस्तके काढली आणि मुलांसाठी जलरंगही बनवले. छापील चित्रांचा कारखानदार मुलांच्या हाती कुंचला देत होता, हे विसरू नये.

ही विद्या आपल्याकडेही लवकर रुजली. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली, आणि १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत रंगीत शिळाछापाचा छापखाना काढला. देवादिकांची चित्रे घरोघरच्या भिंतींवर गेली ती याच तंत्रामुळे.

हाताने केलेल्या वस्तूंची पंगत

अमेरिकेतल्या वूस्टर गावच्या एस्थर हौलंड यांची कथा ‘हस्तनिर्मित’ या शब्दाबद्दल फार काही सांगून जाते. त्यांचे वडील कागद आणि लेखनसाहित्याचा व्यापार करत. १८४०च्या दशकाच्या अखेरीस एस्थर यांच्या हाती इंग्लंडहून आलेले व्हॅलेंटाइन दिवसाचे एक नक्षीदार पत्र पडले, आणि असे आपणही करू असे त्यांनी ठरवले. इंग्लंडहून कागदी जाळीची लेस मागवली, रंगीत कागद आणि छापील फुलांची चित्रे जमवली. मागणी वाढली तेव्हा घरातच मैत्रिणींना मेजाभोवती बसवले. एकीने चित्रे कापायची, दुसरीने कागद रचायचे, तिसरीने चिकटवायचे, असे पत्र हातातून हातात पुढे सरके. मोटारींचे कारखाने याच पद्धतीने चालू लागले ते साठ वर्षांनी.

आता विचारा, ही पत्रे हस्तनिर्मित होती का? होती, प्रत्येक पत्र हातांनीच जुळवले होते. पण लेस यंत्रावर पाडलेली, चित्रे छापलेली, आणि आराखडा एकट्या एस्थर यांचा. कात्री चालवणाऱ्या मुलीने ठरवण्यासारखे त्यात फारसे उरले नव्हते. हात राबत होता, निर्णय दुसरीकडे होता. टिकल्यांची तयार पाकिटे चिकटवणाऱ्या आपल्या मुलांची स्थिती पुष्कळदा अशीच असते.

याच्या अगदी उलटे उदाहरण १९४९ सालचे. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफची मदत चेकोस्लोव्हाकियातल्या एका गावात पोचली. तिथल्या यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून नाचणाऱ्या मुलांचे चित्र काढले. कागद मिळत नव्हता म्हणून काचेवर! त्या चित्रावरून युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र छापले गेले. ज्यांच्या हाती ते पडले त्यांना यंत्राने छापलेली प्रत मिळाली होती. तरी त्यातला हात यित्काचा होता हे कोणीही मान्य करील.

पडद्यावरची रेघ

संगणक या गोष्टीत १९६३ साली शिरतो. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली तयार केली. खोलीभर पसरलेल्या टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ काढता येई. ‘या दोन रेघा समांतर ठेव’ असे सांगितले की संगणक त्या समांतर करी. एका मूळ चित्राच्या अनेक प्रती पडद्यावर मांडून मूळ चित्रात बदल केला की सगळ्या प्रती बदलत. आज रेखाटनाच्या कुठल्याही प्रणालीत एक पाकळी काढून तिची आठ वेळा नक्कल करून फूल करता येते. त्याचे मूळ इथे आहे.

सरळ रेघेचे जमले, पण वळणदार रेघ संगणकाला कशी सांगायची? हा प्रश्न सुटला फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत. पत्र्याचे वळण नेमके सांगण्यासाठी सित्रोएन कंपनीतले पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली एक रीत शोधली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनो कंपनीतल्या पियेर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेथवरच येऊन १९६०च्या दशकात आपले काम प्रसिद्ध केले. म्हणून त्या वक्रांना बेझिए यांचे नाव मिळाले.

रीत इतकी सोपी आहे की वर्गात फळ्यावर करून दाखवावी. अ, ब आणि क असे तीन बिंदू घ्या, एका रेषेत नसलेले. अब चा मध्य काढा, बक चा मध्य काढा. हे दोन मध्य जोडून त्या जोडरेषेचा मध्य काढा. हा बिंदू वक्रावर आहे. आता डावीकडे अ, पहिला मध्य आणि हा नवा बिंदू असे तीन, आणि उजवीकडे नवा बिंदू, दुसरा मध्य आणि क असे तीन मिळाले. दोन्हीकडे तीच कृती पुन्हा करा. तीनचार फेऱ्यांत अ पासून क पर्यंत जाणारा सुरेख वक्र दिसू लागतो. तो परवलय असतो. वक्र ब पर्यंत पोचत नाही, पण ब जिकडे सरकवाल तिकडे ओढला जातो. संगणकावर चित्र काढताना रेघेला फुटलेल्या ज्या दांड्या आपण ओढतो, त्या अशा ‘ब’ बिंदूंकडेच जातात. पणतीची कड वळवणाऱ्या मुलीचा हात इथे राबतो, आणि डोळाही.

८८ गुणिले ५२

ही साधने घरात आणि शाळेत आली १९८०च्या दशकात. १९८४ साली अमेरिकेत ब्रॉडरबंड कंपनीने ‘द प्रिंट शॉप’ ही प्रणाली ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी काढली. डेव्हिड बाल्सम आणि मार्टिन कान हे तिचे निर्माते. तिच्यात चार मुख्य कामे होती: शुभेच्छापत्र, सूचनापत्रक, पत्राचे शीर्षक आणि लांबलचक फलक. चित्र निवडा, किनार निवडा, अक्षरे निवडा, मजकूर लिहा, आणि टिंबांच्या छपाईयंत्रावर छापा. अमेरिकेतल्या शाळांत ती फार लोकप्रिय झाली.

तिच्यातले प्रत्येक चित्र आडवी ८८ आणि उभी ५२ घरे असलेल्या जाळीत बसवलेले असे. एकूण घरे ४,५७६. प्रत्येक घर काळे किंवा पांढरे, म्हणजे एक बिट. आठ बिटांची एक बाइट धरली तर संपूर्ण चित्र ५७२ बाइटांत मावते! त्या काळच्या संगणकांची स्मृती पाहता ही काटकसर गरजेची होती. तयार चित्रांबरोबरच एकेक घर भरून स्वतःचे चित्र काढण्याची सोयही तिच्यात होती. म्हणजे एकाच प्रणालीत दोन वाटा होत्या. एक साच्याची, दुसरी स्वतःच्या हाताची. कोणती धरायची हे वापरणाऱ्यावर होते.

चित्र साठवण्याच्या दोन पद्धतींतला फरक आपल्या घरातल्या दोन कलांवरून सहज सांगता येतो. दोसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने मोर भरताना आजी घरे मोजते. या घरात निळा दोरा, त्या घरात हिरवा. ‘प्रिंट शॉप’चे चित्र असे होते. ते मोठे केले की घरे मोठी होतात आणि तिरक्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. ठिपक्यांच्या रांगोळीत मात्र नियम लक्षात ठेवायचा असतो. सात ते सात ठिपके मांडा, अमुक ठिपका तमुक ठिपक्याशी जोडा. ठिपके चार बोटे अंतरावर मांडले काय किंवा हातभर अंतरावर मांडले काय, रांगोळी तीच आणि रेघ तितकीच स्वच्छ. बेझिए वक्रांनी काढलेले चित्र या जातीचे. छायाचित्र फुलीच्या टाक्याने साठवावे लागते. पणती, आकाशकंदील, अक्षरे मात्र रांगोळीच्या पद्धतीने ठेवलेली बरी.

१९८४ सालीच आलेल्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ या भाषेने छपाईयंत्राला असे वक्र समजू लागले. १९८७ साली ‘इलस्ट्रेटर’ आणि १९८९ साली कॅनडातली ‘कोरलड्रॉ’ या प्रणाली आल्या. यातली ‘कोरलड्रॉ’ आपल्याकडच्या लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपी केंद्रांत घरच्यासारखी रुळली. शाळांना परवडेल अशी ‘इंकस्केप’ ही मुक्त प्रणाली २००३ पासून उपलब्ध आहे. तिच्यासाठी पैसे पडत नाहीत.

‘शुभेच्छा’मधला श

मराठी शुभेच्छापत्राचा पहिला शब्द बहुधा ‘श’नेच सुरू होतो, आणि अडचणही तिथूनच सुरू होते. परदेशात बनलेल्या या प्रणालींत देवनागरीची सोय नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेले. खाजगी कंपन्यांनीही मराठी अक्षरसंच काढले. पण त्यांतल्या पुष्कळांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. एका संगणकावर केलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की ‘शुभ दीपावली’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक मिळाला. तो संगणकांत रुळायला मात्र पुढे बरीच वर्षे लागली. सुलेखनकार आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा अक्षरसंच विंडोजबरोबर आला तेव्हा मराठी लिहिणे पुष्कळांना प्रथमच विनासायास जमले.

तरी एक गोष्ट उरते. मराठी वळणाचा ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत. युनिकोडमध्ये क्रमांक एकच, त्यामुळे आकार कोणता दिसणार हे अक्षरसंचावर अवलंबून. अनेक अक्षरसंचांत हिंदी वळण आधी येते. काहींत मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की वळण आपोआप बदलते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे ठरवून दिली आहेत. मूल पहिलीत जो ‘श’ गिरवून शिकते, तो त्याच्या स्वतःच्या शुभेच्छापत्रावर दिसू नये हे बरे नव्हे. मुलांना दोन्ही वळणे शेजारी शेजारी दाखवावीत आणि निवड त्यांना करू द्यावी. अक्षर हाही चित्राचाच भाग आहे हे त्यातून कळते. आणि ज्याला एकही अक्षरसंच आवडत नाही त्याने जागा मोकळी सोडून मजकूर पेनाने लिहावा. कोल यांच्या पत्रावरही नावे हातानेच लिहायची होती.

वर्गात करून पाहण्यासाठी

पडद्यावरचे चित्र कागदावर उतरताना विज्ञानाचे पुष्कळ धडे आपोआप मिळतात. त्यांतले चार आम्ही इथे देत आहोत. पहिल्या दोघांना संगणक लागत नाही.

एक, चौघडीचे कोडे. कोऱ्या कागदाच्या एकाच बाजूला छापून चार पानांचे पत्र करता येते. कागद उभा धरून वरची अर्धी बाजू मागे दुमडा, मग डावी बाजू मागे दुमडा. मुखपृष्ठ, आतले डावे पान, आतले उजवे पान आणि मागचे पान यांवर १ ते ४ आकडे टाका आणि कागद उलगडा. १ खाली उजवीकडे आणि ४ खाली डावीकडे सरळ दिसतील. २ वर उजवीकडे आणि ३ वर डावीकडे, पण दोन्ही उलटे! म्हणून संगणकावर आतला मजकूर १८० अंशांत फिरवून ठेवावा लागतो. परिवलन शिकवायला याहून चांगले साधन शोधून सापडणार नाही. ए-४ कागदाची चौघडी केली की १०५ गुणिले १४८.५ मिलिमीटरचे पत्र मिळते.

दोन, कागदाचा कल. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने पडलेले असतात. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते, दुसरीकडे वेडेवाकडे. ज्या दिशेने सरळ फाटते त्या दिशेची घडी स्वच्छ पडते. हातकागदात तंतूंची दिशा इतकी ठरलेली नसते. त्याला खळ पुरेशी नसेल तर छपाईची पातळ शाई तंतूंच्या फटींतून केशाकर्षणाने पसरते आणि बारीक अक्षरे फुटतात. साध्या आणि हातकागदावर शाईचा एकेक थेंब टाकून मुलांना तुलना करू द्यावी, आणि मग हातकागदावर अक्षर किती मोठे घ्यायचे ते ठरवू द्यावे.

तीन, रंगांचा हिशेब. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. तिन्ही मिळून पांढरा. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई असते. प्रत्येक शाई प्रकाशाचा काही भाग शोषून घेते, म्हणून शाया वाढवाल तसा रंग काळा होत जातो. पडद्यावरचा झगझगीत पोपटी कागदावर मंद दिसतो तो छपाईयंत्राचा दोष नव्हे. आधी रंगांची छोटी पट्टी छापून पाहण्याची सवय मुलांना लावावी.

चार, एकच पणती दोनदा. आधी चौकटीच्या वहीत घरे भरून, मग ‘इंकस्केप’मध्ये वक्र ओढून. दोन्ही दुप्पट मोठ्या करा. कुठे पायऱ्या दिसतात आणि का, हे मुलांनी आपल्या शब्दांत लिहावे.

साच्यापलीकडे

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पहिला मोबाइल संदेश पाठवला गेला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. कोल यांच्या पत्राला तेव्हा १४९ वर्षे झाली होती. त्यानंतर शुभेच्छा पाठवणे इतके सोपे झाले की सणाच्या सकाळी एकच चित्र दहा जणांकडून येते आणि आपण तेच अकराव्याला पाठवतो. २०२२ पासून तर नुसते वर्णन लिहिले की चित्र काढून देणाऱ्या प्रणालीही सर्वांच्या हाती आल्या आहेत. श्रम जवळजवळ संपले. म्हणूनच वेळ घालवून केलेल्या पत्राचे मोल वाढले आहे.

ते मोल कशात मोजायचे? केवळ हात राबले म्हणून हौलंड यांच्या मेजावरच्या मुलीचे पत्र तिचे झाले नाही, आणि यंत्राने छापले म्हणून यित्काचे चित्र परके झाले नाही. पत्र ज्याच्यासाठी आहे त्याचा विचार करून कोणी काय ठरवले, ही खरी कसोटी. मोतीबिंदू झालेल्या आजोबांसाठी नातवाने अक्षर मोठे आणि गडद घेतले, तर ते संगणकावर असले तरी त्याच्याच हाताचे आहे. इंटरनेटवरून उचललेले चित्र कागदावर सुबकपणे गिरवले तरी ते त्याचे नाही, आणि मूळ चित्रकाराचे नाव न सांगणे योग्यही नाही.

स्पर्धेच्या नियमात एवढा बदल केला तर पुरे: साधन कोणतेही चालेल, पण पत्रामागे पेन्सिलीने केलेला कच्चा आराखडा जोडावा, आणि दुसऱ्याचे काही घेतले असल्यास ते कोणाचे हे लिहावे. मग परीक्षकांनी प्रत्येक मुलाला शेजारी बसवून एकच प्रश्न विचारावा, ‘यातले तू काय काय ठरवलेस, आणि का?’ ज्याचे उत्तर लांबत जाईल, त्याचे पत्र हस्तनिर्मित समजावे.